घोरण्याचं ठीक, पण डोळ्यांकडे बघा
पग या चपट्या नाकाच्या कुत्र्यांवरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलं, 'पग घोरतोच, त्यात काळजीचं काही नाही'. हे मत अर्धंच पटलं. झोपेत घोरणं एकवेळ ठीक. पण जागेपणी नुसतं बसल्या बसल्या घरघर होत असेल, किंवा तो बसूनच किंवा तोंडात खेळणं धरून झोपत असेल, तर श्वास अपुरा पडतोय असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास अडवणाऱ्या अरुंद नाकपुड्या आणि लांब टाळू, दोन्हींवर शस्त्रक्रिया होते.

डोळ्यांचा विषय मात्र कुणीच काढला नाही. या कुत्र्यांच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ, त्यामुळे डोळे बाहेर आलेले असतात आणि पटकन दुखावतात. गळपट्टा ओढला गेला की डोळ्यांतला दाबही वाढतो, म्हणून हार्नेसच बरा. आमची पग एकदा एक डोळा किलकिला करून बसली. लाली नाही, चिपडं नाही. डॉक्टरांनी फ्लुरोसिनचा (डोळ्यातली जखम दाखवणाऱ्या रंगाचा) थेंब टाकला, तर बुबुळावर हिरवा ओरखडा उमटला! अशा वेळी घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब तर अजिबात घालू नका, जखम चिघळते.