सिझेरियननंतर व्यायाम पुन्हा सुरू करायचा आहे, नेमकी सुरुवात कुठून?

परळ_तिसरा_मजला

सिझेरियन होऊन नऊ आठवडे झालेत, टाका कोरडा आहे. तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, हळूहळू व्यायाम करायला हरकत नाही. हळूहळू म्हणजे काय, ते नीट सांगाल का? गरोदरपणाआधी नियमित पळत होते. चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. रजा संपली की रोजची लोकल आहेच. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी दहा किलोमीटर पळता येईल का?

पेल्विक_फिजिओ

अभिनंदन! सहा आठवड्यांच्या तपासणीत जखम, रक्तस्राव, गर्भाशय हे पाहतात. पोटाचे स्नायू आणि ओटीपोटाचा तळ (मूत्राशय, गर्भाशय यांना खालून आधार देणारे स्नायू) किती भार पेलतोय, हे सहसा कोणी बघत नाही. ते आधी घरी पाहून घ्या.

उताणं झोपा, गुडघे वाकवा. बोटं बेंबीवर आडवी ठेवून डोकं आणि खांदे जरासे उचला. पोटाच्या मधोमध दोन्ही बाजूंच्या कडा बोटांना लागतील. त्यांच्यात किती बोटं बसतात ते मोजा. बेंबीच्या वर आणि खालीही तसंच करा. दोन बोटांपर्यंत अंतर असेल तर काळजी नाही. जास्त असेल तर बोट किती खोल जातं तेही बघा. अंतर थोडं मोठं पण बोटाखाली ताठ लागत असेल, तर ते बरं लक्षण. लोण्यासारखं बोट आत गेलं तर पोटाला अजून ताण धरता येत नाही.

आता व्यायाम. पहिला श्वासाचा. एक हात बरगड्यांवर, एक पोटावर. श्वास घेताना बरगड्या बाजूंना फुलू द्या, तळ सैल सोडा. सोडताना लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढा आणि बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्या. पाच सेकंद धरा, पूर्ण सोडा, पाच सेकंद थांबा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमू लागलं की दहा सेकंदांपर्यंत वाढवा आणि शेवटी दहा झटपट आकुंचनं जोडा. निदान तीन महिने नेमाने करा.

चुकतं ते बहुतेक तीन ठिकाणी. नितंब आणि मांड्या आवळल्या जातात, श्वास रोखला जातो, किंवा वर ओढण्याऐवजी खाली जोर लागतो. तिसरी चूक सर्वांत वाईट, कारण मग व्यायामानेच तळ सैलावतो. आकुंचनानंतर पूर्ण सोडणंही तितकंच गरजेचं. लघवी करताना मध्येच धार अडवून सराव मात्र करू नका.

याच्या जोडीला कंबर जमिनीला टेकवणं, एकेक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करणं, सेतुबंध, कुशीवर झोपून गुडघा उघडणं, भिंतीवर दंड, खुर्चीवर बसणं-उठणं. प्रत्येकी आठ ते दहाच्या दोन फेऱ्या, एक दिवसाआड. जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायचा.

पोटाच्या मध्यावर तंबूसारखा उंचवटा आला तर तो प्रकार आज तुमच्यासाठी जड आहे, सोपी पायरी घ्या. उताणं झोपून धड उचलणं, दोन्ही पाय एकत्र वर घेणं, पूर्ण प्लँक हे तूर्त नको.

योगवर्ग_मुलुंड

वरच्या सगळ्याशी सहमत. एक भर घालते, कारण हे प्रश्न नेहमी येतात. कपालभाती आणि भस्त्रिका आत्ता नको. प्रत्येक झटक्याला पोटातला दाब वाढतो आणि तो तळावर आदळतो. सूर्यनमस्कारात अडचण फक्त भुजंगासनाची नाही; दंडस्थितीतही पोट खाली लोंबतं. मार्जारासन, पर्वतासनाऐवजी भिंतीला हात टेकून वाकणं, शलभासनाऐवजी सेतुबंध, एवढ्याने सुरुवात पुरे.

परळ_तिसरा_मजला

मोजलं. बेंबीवर तीन बोटं, बऱ्यापैकी खोल. आणि शिंकताना थोडी लघवी होते. आई म्हणते सुती पट्टा घट्ट बांध, पोट आत जाईल.

पेल्विक_फिजिओ

पट्ट्याने अंतर भरत नाही. टाक्याला आधार वाटतो, चालताना-खोकताना बरं वाटतं, तेवढ्यापुरता दोन-तीन तास चालेल. पण कंबर आवळली की दाबाला खालीच वाट मिळते आणि शिंकेचा त्रास वाढतो. बांधायचाच तर ओटीपोटापासून वर बांधत या, दीर्घ श्वास सहज घेता यायला हवा. आई मालिश करत असेल तर त्याला मात्र माझा पाठिंबा. टाका सोडून पाठ, खांदे, पाय चोळायला हरकत नाही.

लघवी होणं सर्रास आढळतं, पण ‘बाळंतपणानंतर असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नका. शिंक येतेय असं वाटलं की त्याच्या क्षणभर आधी तळ वर ओढायचा, ही सवय लावून घ्या. दूध पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे खाली कोरडेपणा आणि नाजूकपणा राहू शकतो. तेही डॉक्टरांना सांगा.

तीन बोटं आणि खोल, शिवाय लघवी होते, म्हणजे तुम्हाला एकदा प्रत्यक्ष तपासणी हवी. केईएम परळमध्येच आहे. तिथे, तसंच सायन आणि नायरला फिजिओथेरपी विभाग आहे. सकाळी ओपीडीत केसपेपर काढा आणि प्रसूतीनंतरची तक्रार म्हणून स्पष्ट सांगा. डिस्चार्ज कार्ड जवळ असू द्या.

टाका पूर्ण भरला असेल, खपली किंवा ओल नसेल, तर रोज पाच मिनिटं बोटांनी व्रणाची कातडी वर-खाली आणि गोल हलवा. व्रण आतल्या थरांना चिकटला की पोट खेचल्यासारखं वाटतं आणि खालचे स्नायू नीट काम करत नाहीत. आधी व्रणाच्या आजूबाजूला, मग हळूहळू व्रणावर.

कट्टा_रनर

पळण्याबद्दल. 2019 साली ब्रिटनमधल्या फिजिओंनी प्रसूतीनंतरच्या धावण्यासाठी मार्गदर्शन काढलं. त्यात तीन महिन्यांआधी पळू नका असं आहे. तीन महिने झाले की लगेच पळा, असा त्याचा अर्थ नाही. आधी पुढच्या गोष्टी दुखणं, लघवी गळणं किंवा खाली जडपणा यांपैकी काहीही न होता जमायला हव्यात: तीस मिनिटं चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा अर्धबैठका, जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग, पुढे दहा उड्या, एका पायावर दहा उड्या. शिवाय एका पायावर उभं राहून टाच उचलणं, एका पायाचा सेतुबंध आणि एका पायावर खुर्चीतून उठणं, प्रत्येकी वीस. दोन्ही बाजूंनी.

तोवर चाला. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची फेरी साधारण 1.2 किलोमीटरची आणि सपाट, दमलात तर बसायला जागाही. एका फेरीपासून सुरू करून आठवड्याला अर्धी फेरी वाढवा. पावसात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर घसरायला होतं. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी चाळीच्या गॅलरीतच दहा-दहा मिनिटं तीनदा चाला.

चाचण्या पार पडल्या की एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, अशा सात-आठ आवर्तनांनी सुरुवात, आठवड्यातून तीनदा. आधी वेळ वाढवा, वेग शेवटी. दुसऱ्या दिवशीपर्यंत शरीर काय सांगतंय ते बघा, कारण जडपणा पुष्कळदा संध्याकाळी जाणवतो. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाच किलोमीटर बिनतक्रार झाले तर जानेवारीचा विचार करा. नाही झाले तर यंदा सोडा.

वॉर्ड_सिस्टर

पळायला लागण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. सिझेरियनमध्ये रक्त जातं. धाप लागणं आणि थकवा यांचं कारण बऱ्याचदा तेच असतं, ‘स्टॅमिना गेला’ म्हणून लोक उगाच स्वतःला कोसतात. सरकारी कार्यक्रमात प्रसूतीनंतर 180 दिवस लोहाची गोळी देतात. ती चहाबरोबर घेऊ नका, लिंबाच्या सरबताबरोबर घ्या.

मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही. बाळाला पाजून मग निघा, छाती हलकी राहते. पहिल्या सहा महिन्यांत आईला रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात, तेव्हा वजन घटवायला जेवण कापू नका. डिंकाचा एक लाडू जरूर खा, पण डाळ-उसळ, अंडं, पालेभाजी त्याच्या जागी काढू नका.

व्यायामानंतर रक्तस्राव पुन्हा लाल आणि जास्त झाला तर दोन दिवस थांबा, तरी चालू राहिला तर दाखवा. तासात एक पॅड भिजत असेल, एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, छातीत दुखणं-धाप असेल, किंवा जोराच्या डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर थेट कॅज्युअल्टी.

पेल्विक_फिजिओ

जिन्याचं राहिलंच. तीन मजले चढताना घाई नको. पूर्ण पाऊल पायरीवर, पायरी चढताना श्वास सोडा, मजल्यावर थांबा. बाळ एकाच कंबरेवर घेऊन चढू नका, छातीजवळ धरा. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोची, सिलिंडर त्याहून जड. ही दोन्ही कामं तूर्त दुसऱ्या कोणाकडे सोपवा, आणि पाणी भरावंच लागलं तर अर्धी बादली. बाळाला उचलताना मनगट वाकवून अंगठ्यांवर भार घेऊ नका, तळवे त्याच्या खाली सरकवा. अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखू लागलं तर लवकर सांगा.