मदत हवी आहे: मागच्या अंगणात विटांची कोणती रचना करावी?

मागच्या दाराबाहेर १० बाय १२ फुटांची बसायची जागा आणि तिथून निघणारी ३ फूट रुंद पायवाट, दोन्ही विटांची करायची आहे. विटा वाळूवर, सिमेंटशिवाय. उतार घरापासून बाहेर काढलाय. घोडं अडलंय ते रचनेवर.

काल चटईच्या विणीसारख्या विटा कोरड्याच मांडून पाहिल्या: दोन उभ्या, दोन आडव्या. प्रत्येक जोडीपाशी बोटभर फट! टेप लावल्यावर कळलं, आमच्या विटेची लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त आहे. या विणीला ती बरोबर दुप्पट लागते, म्हणजे ती वीण बाद. (विटा आणायच्या आधी मोजायला हव्या होत्या, मान्य.)

हेरिंगबोनला (विटा एकमेकींना काटकोनात लावून नागमोडी V सारखी दिसणारी रचना) दुपटीची अट नाही, आणि त्यात विटा एकमेकींना अडकून राहतात, सरकत नाहीत. पण ४५ अंशात मांडलं तर दोन्ही कडांना तिरकी कापाकापी, आणि अरुंद वाटेवर कडाच जास्त. ९० अंशात मांडलं तर हे काम कितपत कमी होतं? की बसायच्या जागेपुरतंच हेरिंगबोन करून वाटेवर साध्या सांधेमोड ओळी (एका ओळीचा सांधा शेजारच्या ओळीतल्या विटेच्या मध्यावर) घालू? त्या चालण्याच्या दिशेने बऱ्या की आडव्या? दोन रचना जिथे मिळतात तिथे मध्ये एक उभी ओळ टाकली तर ठिगळ दिसेल का? कुणी असं केलं असेल तर फोटो टाका प्लीज.