घुमणं वेगळं, रेंगाळणं वेगळं
कॉम्प्युटरवरच्या पियानो प्लगइनमध्ये (पियानोचा आवाज देणारं सॉफ्टवेअर) २२० हर्ट्झचा ए हा स्वर जास्त घुमतो आणि पट्टी सोडल्यावरही रेंगाळतो, असं एकाने म्हटलंय. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

रेंगाळण्यासाठी मिडी मॉनिटर (कीबोर्डकडून कॉम्प्युटरला जाणारे संदेश दाखवणारं साधन) उघडा. पेडल सोडल्यावर सीसी ६४ ची (सस्टेन पेडलच्या संदेशाची) व्हॅल्यू ० वर यायला हवी; ५-१० वर अडकली तर हाफ-पेडल (अर्धवट दाबलेलं पेडल) ओळखणारं प्लगइन डँपर (तारांचा आवाज थांबवणारी गादी) पूर्ण टेकवतच नाही.

घुमण्यासाठी आधी हेडफोन लावा. तिथे घुमणं गेलं तर दोष खोलीचा किंवा स्पीकरचा, प्लगइनला उगाच छेडू नका. राहिलं तर रिव्हर्ब (खोलीसारखा गुंजारव देणारा इफेक्ट), कंप्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारा इफेक्ट) बंद करा, सिम्पथेटिक रेझोनन्स (एक तार वाजली की इतर तारांचं होणारं कंपन) शून्यावर आणा. तरीही उठतोय? सोय असेल तर प्लगइनमध्येच त्या एका स्वराचा व्हॉल्यूम दीड-दोन डेसिबल उतरवा. त्यासाठी इक्यू (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं साधन) नको; त्याने २२० कापलं की खालच्या ११० च्या ए चा दुसरा हार्मोनिकही (त्याच स्वरात मिसळलेला दुप्पट फ्रिक्वेन्सीचा उपस्वर) पातळ होतो.