दालमिल अमरावतीले न्यावी का गावातच वाढवावी? मत सांगा

पूर्णाकाठचा
दर्यापूर तालुक्यात आमची दालमिल आहे, पीकेव्हीच्या (अकोल्याचं कृषी विद्यापीठ) मिनी मशीनवर सुरू केली, मंग एक मोठं मशीन जोडलं. मुख्य काम तुरीचं, हरभरा थोडाफार. आता वाढवायची म्हणतो तर माझं मत असं झालं की गावात पैसा टाकण्यात अर्थ नाही, अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ एमआयडीसीत शेड पाहून तिकडंच न्यावं. पहिलं कारण लाईट. फेब्रुवारी ते मे आमचा सीझन, अन् त्यातच डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते, नाहीतर व्होल्टेज इतकं पडते की मोटर गरम होऊन बंद. माल अर्धा मशीनमधी अन् अर्धा खळ्यावर, आपण फोन लावत बसा. दुसरं म्हणजे अमरावती आता पहिलेसारखी राह्यली नाही. १६ एप्रिल २०२५ ले बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, पीएम मित्रा टेक्स्टाईल पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मधी झालं, समृद्धी ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू आहे. मुंबईचा व्यापारी गावात यायले तयार नसते, अमरावतीत भेटू म्हणते. अन् तिसरं, पोरगा शिकला, त्याच्या लग्नाचं पाहतो तर गावात राहतो म्हटलं की पोरीकडचे लोक पुढचं बोलतच नाहीत. हे ज्याच्या घरी आहे त्यालेच समजते.

अकोला_लाईन
भाऊ, कारणं खरी आहेत पण धंदा कोणता आहे ते पाहा. एक क्विंटल तुरीची डाळ निघते ७० किलोच्या आसपास. बाकीचं चुरी अन् टरफल. ती चुरी तुमच्या दारातून गावातले लोक म्हशीसाठी घेऊन जातात ना? उद्या अख्खी तूर भाडं भरून अमरावतीले न्याल अन् चुरी विकायले परत गाडी शोधाल. दालमिल तुरीजवळच पाहिजे, अकोल्यात एवढ्या दालमिल उगाच नाही उभ्या राह्यल्या. २०२१ पासून तुरीची आयात मोकळी आहे, बाहेरची तूर आली की आपल्या डाळीचा भाव दाबल्या जाते, मार्जिन उरतेच किती? त्यात भाडं जोडलं तर संपलं. अन् डाळ काही विमानानं जात नाही.

वरूडवाला
मी उलट सांगतो. आमचं संत्र्याचं ग्रेडिंग आहे, आम्ही काही काम शहराकडं सरकवलं अन् फरक पडला. गावात मशीनचा बेल्ट तुटला की दिवस गेला, तिथं फिटर तासाभरात येते. पॅकिंगची फिल्म, छपाई, लॅबची टेस्ट, बँकेचा मोठा साहेब, सगळं जवळ. मोकळी डाळ पोत्यात विकणारा कायम अडत्याच्याच भावावर राहील. ज्याले स्वतःच्या नावाचं पाकीट काढायचं त्याले शहरात जावंच लागते. जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे हिशोब ठेवणारा माणूस पाहिजे, तो तुम्हाले तालुक्याच्या गावात टिकून सापडेल का? पोराचं तर मी बोलतच नाही, लग्न ही साधी गोष्ट नाही. नेऊन टाका.

अकोला_लाईन
वरूडवाले भाऊ, संत्र्यात अन् डाळीत फरक आहे. तूर मशीनवर एकदाच जात नाही. पहिल्या पासात नुसती टरफलाले खरड पडते, मंग तेल लावून ठेवायचं, पाणी द्यायचं, उन्हात वाळवायचं, मंग पुन्हा मशीन. वाळवणाले जागा किती लागते ते ह्यांच्या खळ्यावर जाऊन पाहा. एमआयडीसीत तेवढी मोकळी जागा फरशीसकट भाड्यानं घ्या म्हटलं तर परवडणार नाही, नाहीतर ड्रायर घ्या, म्हणजे अजून लाईट बिल अन् अजून कर्ज. गावात ऊन फुकट आहे.

पूर्णाकाठचा
ड्रायरचं धरलं आहे मी हिशोबात. उन्हावर अवलंबून राह्यलं तर मार्च-एप्रिलात अवकाळी आला की ताडपत्र्या घेऊन पळापळ, मागं एकदा माल भिजला अन् डाळ लाल पडली, व्यापाऱ्यानं भाव पाडला. हे फुकट ऊन नेहमी फुकट पडत नाही.

गाडीवाला_मूर्तिजापूर
माझ्या गाड्या दोन्हीकडं चालतात म्हणून बोलतो. समृद्धीचं नाव सगळे घेतात पण ती नांदगाव खंडेश्वरकडून जाते, नांदगाव पेठहून नाही, नावात गोंधळ करू नका. तिथपर्यंत आधी जावं लागते, वरून टोल. मुंबईचा पूर्ण लोड असला तर परवडते, अर्ध्या गाडीले नाही. ट्रॅक्टर तर त्या रोडवर चालतच नाही, म्हणजे कास्तकाराचा माल तसाही जुन्याच रस्त्यानं येईल. अन् एमआयडीसी चांगली आहे, मोठ्या कापडाच्या कंपन्या आहेत, पण कुलूप लागलेले शेडही मी तिथं पाहतो. कंपनीचं चाललं म्हणून आपलं चालेलच असं नाही. टेक्स्टाईल पार्क कापडाचा आहे, त्यात दालमिलले काय भेटणार?

कागदाचं_पाहा_आधी
सगळे रोडवर बोलून राह्यले, कागदाचं कोणी बोलत नाही. मोठं मशीन कोणत्या योजनेतून घेतलं? पीएमएफएमई, म्हणजे लहान अन्नप्रक्रिया उद्योगाची केंद्राची योजना, असेल तर अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, अन् ते तीन वर्षं बँकेत अडकून राहते. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मितीची योजना, असेल तर तिथंही तीन वर्षं, अन् त्यात ग्रामीण भागाले सर्वसाधारण गटात २५ टक्के अन् शहरात १५ टक्के असा फरकच आहे. मुदतीच्या आत मशीन उचलून नेलं अन् तपासणीवाले गावात येऊन रिकामा शेड पाहून गेले तर अनुदान धोक्यात. बँकेले लेखी विचारल्याशिवाय एक नटही हलवू नका. फूड लायसन्सही जागेवर असते, नव्या जागेचं नवं काढावं लागते. जीएसटीचं सोपं आहे, राज्यातल्या राज्यात दुसरी जागा त्याच नंबरात जोडता येते. म्हणून नवीन शाखा काढणं सोपं, असलेलं हलवणं कठीण.

खळ्यावरची
मी अशाच एका मिलच्या खळ्यावर काम करते, दर्यापूर तालुक्यातलीच आहे. माझं एकच म्हणणं आहे. तुमच्याकडं निवडाईले, वाळवणाले, पाखडाले बाया येतात ना? तूर पसरवणं, दर घडीले पाय फिरवून उलटवणं, खडे वेचणं, हे बायाच करतात. वावरातलं काम दिवाळीनंतर कापूस वेचणीपुरतं राहते, मंग उन्हाळाभर हाताले काम कुठं आहे? मिल अमरावतीले गेली तर आम्ही रोज एसटीनं तिथं येऊ का? सकाळी पोरांचं आवरून जायचं अन् रात्री शेवटची गाडी चुकली तर? मजुरीतून तिकीट वजा केलं तर उरते काय? शहर वाढलं चांगली गोष्ट आहे, पण इथली मिल उचलून ते वाढत असेल तर आमच्यासाठी ती वाढ नाही.

वरूडवाला
ताई, तुमचं दुःख समजते, पण एका घरानं किती दिवस गावाचा भार उचलावा? धंदा बुडाला तर कोणाच्याच हाताले काम राहणार नाही. लाईटची गॅरंटी गावात कोण देते?

खळ्यावरची
भार कसला? आम्ही फुकट मागत नाही, घाम गाळून घेतो. तुमच्या मालात खडा निघत नाही तो आमच्या हातामुळं निघत नाही.

पूर्णाकाठचा
कागदवाल्या भाऊचं मले माहीत नव्हतं असं नाही, पण नवं मशीन पीएमएफएमईतलंच आहे अन् मुदत बाकी आहे, म्हणजे ते आता हलत नाही हे मान्य. ताईंचं बोलणं मनाले लागलं. पण लाईटीवर माझं मत तेच आहे. स्वतंत्र डीपीसाठी अर्ज टाकतो अन् एस्टिमेट किती निघते ते पाहतो. तोपर्यंत अमरावतीत फक्त पाकीट भरायले अन् विक्रीले लहान गाळा घेईन, पोरगा तो सांभाळेल. मशीनचं अजून ठरलं नाही.

अकोला_लाईन
गाळा घ्या, पण शेडचा ॲडव्हान्स देऊ नका सध्या. अन् डीपीचा अर्ज आत्ताच टाका, तूर आल्यावर नाही.

वरूडवाला
मी अजूनही म्हणतो, शेडचा रेट आज आहे तो पुढच्या वर्षी राहणार नाही. पार्कचं काम वाढलं की नांदगाव पेठले जागा भेटणार नाही, मंग गाळ्यावरच बसून राहाल.