मदत हवी आहे: यामाहा आरएक्स १०० ला पल्सरचा चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म), चेन लाईन जुळेना

प्रोजेक्टच्या आरएक्स १०० ला पल्सर १५० चा चौकोनी पाइपचा चिमटा बसवतोय. मागचं ड्रमचं चाकही पल्सरचंच. पिव्हटची नळी (चिमटा फ्रेमला जोडला जातो ती) रुंद होती, ती वाळूजच्या टर्नरकडून दोन्ही बाजूंनी सारखी फेस करून (टोकं कापून) घेतली. बोल्टसाठी स्टीलची स्लीव्ह केली. आता चिमटा स्वतःच्या वजनाने अलगद खाली येतो, आडवा प्ले अजिबात नाही. शॉकअप बसले.

अडलंय चेनवर. सुतळी ताणून दोन्ही चाकं एका रेषेत घेतली की मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) पुढच्यापेक्षा ५ मिमी बाहेर येतं. चाक सरकवायचं नाही, गाडी एका बाजूला ओढेल. फ्रेमला कटिंग-वेल्डिंग तर मुळीच नको.

मागच्या स्प्रॉकेटची बैठक लेथवर ५ मिमी उतरवू, की पुढे ऑफसेट (दाते बाहेर सरकवलेलं) स्प्रॉकेट करून घेऊ? बैठक उतरवली तर स्प्रॉकेट धरणाऱ्या स्टडला पुरेशी पकड राहते का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.