लेबकूखन केलं, पण दगड झालं. काय चुकलं?

टिळकवाडीची सून

नमस्कार. माझी नणंद जर्मनीत असते. गेल्या नाताळात तिनं तिकडची मसालेदार बिस्किटं आणली होती, लेबकूखन. मुलांनी डबा दोन दिवसांत संपवला. यंदा ती येणार नाही, म्हणून रविवारी मीच करायला घेतलं.

मध आणि गूळ निम्मे निम्मे घेऊन कढईत दहा मिनिटं चांगले उकळले. त्यात मैदा, दालचिनी, लवंग, सुंठ, वेलची आणि दोन चमचे खायचा सोडा. लगेच लाटून ओटीजीत १८० वर २० मिनिटं. वास असा सुटला की सासूबाई देवघरातून उठून आल्या, "काय करूलीस गं?" म्हणत. पण गार झाल्यावर दात लागेना. शिवाय साबणासारखी चव राहतेय.

अंडं घातलेलं नाही. मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत, महिनाभर आमच्यात अंडं घरात येत नाही. आणखी एक, यात हरणाच्या शिंगाचं मीठ घालतात असं वाचलं. ते काय असतं? शाकाहारी घरात चालेल का?

निपाणीची वैनी

सोडा फार झालाय, साबणाची चव त्याचीच. कडकपणाचं मला सांगता येणार नाही, शहापूरच्या काकू बघतील तर सांगतील. त्या तिकडे राहून आल्यात.

शहापूर काकू

अगं, आधी एक ऐक. केलेली बिस्किटं टाकू नकोस.

मुलीच्या बाळंतपणाला मी न्यूर्नबर्गला पाच महिने होते, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. लेबकूखनचं गावच ते. भोवतीच्या जंगलात मध भरपूर आणि मसाल्याचा व्यापार शहरातून चालायचा, म्हणून हा धंदा तिथं रुजला. १३९५ च्या कागदपत्रांत लेबकूखन करणाऱ्याची नोंद सापडते. खालच्या मजल्यावरच्या आजींनी नोव्हेंबर लागताच मधाचं पीठ मळून तळघरात ठेवलं आणि डिसेंबरात बाहेर काढलं. मला वाटलं, आंबून वाया जाणार. त्यांनी गोळा माझ्या नाकाशी धरला. वास आदल्यापेक्षा गोड झाला होता आणि पीठ लाटायला लोण्यासारखं.

तुझी मोठी चूक एकच, तू पाक केलास. आपला हात सवयीनं तिकडेच जातो. तिळाची वडी, चिक्की, गोकाकचा करदंट, सगळ्याला पाक लागतो. लेबकूखनला नको. मध, गूळ, लोणी हे फक्त विरघळून एकजीव होईपर्यंत मंद आचेवर ठेवायचं, उकळी येऊ द्यायची नाही. दहा मिनिटं उकळल्यावर त्यातलं पाणी उडालं, गोळीबंद पाक झाला, आणि मैद्यात जाऊन तो चिक्कीसारखा बसला.

आणि थोडी कडक तर ती होतातच. आजींचीही भाजल्या दिवशी टणक असायची. मध हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यानं ती हळूहळू मऊ पडतात. त्या पत्र्याच्या डब्यात सफरचंदाची फोड ठेवायच्या, कागदावर, बिस्किटाला लागणार नाही अशी. दर दोन दिवसांनी फोड बदलायची, नाहीतर बुरशी धरते. तुझ्या पाकाच्या बिस्किटांना हेच कर, फक्त दिवस जास्त दे.

आता माझं प्रमाण. मध २५० ग्रॅम, गूळ किसून १००, लोणी ६०, मैदा ४००, कोको एक मोठा चमचा, संत्र्याची साल साखरेत मुरवून बारीक चिरलेली मूठभर. मध मी खानापूरकडचा रानातला घेते, त्याला थोडा कडवटपणा असतो आणि तोच इथं हवा. मसाल्याची तयार पुडी आणू नकोस. रविवार पेठेतून अख्खा आण आणि घरी कूट: दालचिनी ३५ ग्रॅम, लवंग ९, धणे, वेलची, सुंठ, जायपत्री प्रत्येकी २. चारशे ग्रॅम मैद्याला यातला १२ ग्रॅम पुरतो, बाकी बाटलीत भर. आजींच्या डब्यातली वेलची हुंगली तेव्हा मला सिरसी आठवली आणि डोळे भरून आले. जुन्या जर्मनमध्ये परदेशी मसाल्यांना सरसकट 'मिरी'च म्हणायचे, म्हणून याचं एक नाव फेफरकूखन, मिरीचा केक. मिरी तर आपल्याच किनाऱ्याची!

मळलेलं पीठ निदान एक रात्र झाकून ठेव. बेळगावातली डिसेंबरची थंडी पुरते, फ्रिज नको. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जरा जाड लाट, १८० वर १२ ते १४ मिनिटं. मऊ असतानाच बाहेर काढ. कच्ची वाटतील, पण परत आत ढकलू नकोस.

अंडं लागतं ते एलिझेनलेबकूखनला. त्यात बदाम, अक्रोड किंवा हेझलनट निदान २५ टक्के असावे लागतात आणि पीठ १० टक्क्यांच्या वर चालत नाही, त्यामुळे बांधायला अंडं. ते संक्रांतीनंतर बघू.

खानापूरची भट्टी

ताई, शिंगाच्या मिठाचं मी सांगतो. आमची वडिलांपासूनची बेकरी आहे.

पूर्वी ते खरोखर हरणाच्या शिंगांपासून काढायचे, नाव तिथून आलं. आता कारखान्यात रसायनापासून होतं, शिंगाचा संबंध उरलेला नाही. तुमच्या घरात चालेल. बेकरीवाले त्याला नुसतं अमोनिया म्हणतात, बिस्किटांना आम्हीही वापरतो. किराणा दुकानात 'नवसागर' मागू नका. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, ती वेगळी वस्तू.

४०० ग्रॅम मैद्याला ४ ग्रॅम, चमचाभर गार पाण्यात विरघळवून शेवटी घाला. भाजताना त्याचा वायू सगळा उडून गेला पाहिजे, म्हणून ते पातळ, कोरड्या बिस्किटालाच. जाड केकात घातलं तर वास आत अडकतो. भाजताना खिडकी उघडी ठेवा, कच्चं पीठ मुलांना चाखू देऊ नका. मिळालंच नाही तर सोडा अर्धा चहाचा चमचा, त्यावर जाऊ नका. मधाच्या आंबटपणावर तेवढाच फुलतो, उरलेला साबण होतो.

ओटीजी लहान असेल तर भट्टीवर घेऊन जा. पहाटेचे पाव निघाल्यावर भट्टीचा ताव उतरतो, तेव्हा हे छान भाजेल. दिवाळीत नानकटाईचे ट्रे घेऊन लोक येतात, तसंच.

टिळकवाडीची सून

काकू, दादा, तुमचे उपकार. सफरचंद ठेवून आज नववा दिवस. कडेची पातळ बिस्किटं अजून टणक आहेत, पण मधली जाड चावतात आणि चव खोल झालीय. साबण मात्र आहेच.

काकूंच्या प्रमाणानं परवा नवीन पीठ मळलं, पाक न करता. माळ्याच्या खोलीत झाकून ठेवलंय. सासूबाई दिवसातून दोनदा झाकण उघडून वास घेतात. अमोनिया कॅम्पातल्या एका बेकरीवाल्यानं पुडीत बांधून दिला, पैसे घेतले नाहीत. बुधवारी भाजणार, गुरुवारच्या नैवेद्याला चार ठेवायची असं सासूबाईंचं ठरलंय. वरून पिठीसाखर लावतात ती गरम असताना की गार झाल्यावर?

शहापूर काकू

कोमट असताना. पिठीसाखरेत लिंबाचा रस थेंब थेंब घालून दाटसर कालव आणि ब्रशनं पातळ फिरव, म्हणजे काचेसारखी बसते. रात्रभर उघडी वाळू दे, मग डब्यात भर. नैवेद्याची चार आधी बाजूला काढ, मुलं राहू देणार नाहीत.