पंधरा रात्री, किती देश? युरोपात रेल्वेने आणि गाडीने फिरलेल्यांचे अनुभव

येत्या जूनमध्ये आम्ही पाच जण युरोपला निघतोय. आम्ही दोघं, दहा वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. बाबा ७१ वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात. हातात पंधरा रात्री आहेत. कागदावर मी लिहिलंय: ॲम्स्टरडॅम, पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, रोम, व्हिएन्ना, प्राग. नकाशावर सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. पण काल रात्री प्रत्येक दिवसापुढे बॅगा भरायची वेळ, स्टेशन गाठायची वेळ, गाडीतले तास, नवीन खोली ताब्यात मिळायची वेळ असं लिहीत गेले, तर सहा दिवस त्यातच संपले.

म्हणून विचारतेय. ज्यांनी स्वतः आखून, रेल्वेने किंवा भाड्याच्या गाडीने दोन-चार देश केलेत त्यांनी खरंखुरं लिहा. कुठे किती रात्री काढल्या, काय गाळलं, पैसे कुठे गेले, घरची मोठी माणसं कुठे थकली. ठिकाणांची वर्णनं कुठेही मिळतात. मला मधले दिवस हवे आहेत.

पुण्याहून, आई-बाबांबरोबर, फक्त रेल्वेने

आमचं कुटुंबही असंच होतं. बारा रात्री: ल्युसर्न ३, लाउटरब्रुनेन ४, लेक कोमोच्या काठचं वारेन्ना २, व्हेनिस ३. दोनच देश, स्वित्झर्लंड आणि इटली. "एवढा खर्च करून दोनच?" असं घरातल्या प्रत्येकाने विचारलं होतं.

सगळ्यात अवघड दिवस होता लाउटरब्रुनेन ते वारेन्ना. इंटरलाकेन, श्पीत्स, मिलान अशा तीन ठिकाणी बदलत चार गाड्या. स्वित्झर्लंडमध्ये गाडी बदलायला बरेचदा सात-आठ मिनिटंच मिळतात. तरुण माणसाला तेवढी पुरतात, काठी घेऊन चालणाऱ्या माझ्या बाबांना पुरली नाहीत. श्पीत्सला मिलानची गाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली. त्या थेट गाड्या दिवसात मोजक्याच असतात. पुढचे दोन तास फलाटावर गेले. समोर थुनचा तलाव आणि किल्ला दिसत होता, म्हणून आईबाबांचा धीर टिकला. तेव्हापासून मी प्रवासाचा शोध घेताना जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये गाडी बदलायला किमान वीस-पंचवीस मिनिटं हवीत असं भरते. शेजारच्या देशांच्या गाड्याही त्यात दिसतात.

सामानाबद्दल कळकळीने सांगते. माणशी एक लहान चाकांची बॅग, एवढंच. हमाल नाही, बॅग स्वतः चढवायची. स्वित्झर्लंडच्या बऱ्याच लोकल गाड्यांचा दरवाजा फलाटाच्या पातळीला येतो, पण इटलीत काही जुन्या डब्यांना उंच पायऱ्या आहेत. तिथे माझ्या नवऱ्याने पाच बॅगा आणि दोन माणसं चढवली.

युंगफ्राउयोख या उंचावरच्या रेल्वे स्टेशनचं तिकीट आधी काढू नका. सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्याचं चित्र पाहा, स्वच्छ असेल तरच जा. वर ३,४५४ मीटर उंचीवर बाबांना धाप लागली आणि तासाभरात आम्ही खाली उतरलो. त्याउलट इंटरलाकेनजवळच्या विल्डर्सविलहून श्यिनिगे प्लाटेला जाणारी दातेरी रुळांची छोटी रेल्वे १८९३ पासून चालते, उंची १,९६७ मीटर. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिन्ही शिखरं ओळीने उभी. आई आजही त्याच दिवसाबद्दल बोलते.

लेकीसाठी फॅमिली कार्ड मागून घ्या. स्विस ट्रॅव्हल पासबरोबर फुकट मिळतं आणि ६ ते १५ वर्षांची मुलं आईवडिलांबरोबर मोफत फिरतात. पास काढला तरी युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्याचे पैसे वेगळे पडतात, तिथे फक्त सवलत मिळते. आणि स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या. रोज रात्री मऊ भात आणि मेतकूट पोटात गेलं, म्हणून बारा दिवस कुणी आजारी पडलं नाही. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची तेवढी उघडी. शनिवारीच दूध-भाजी आणून ठेवा.

म्युनिकहून, इथे राहणारा

दर उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे येतात आणि त्यांचे बेत मी वाचतो. चूक जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असते: सहल जिथे उतरले तिथेच येऊन संपते. पॅरिसला उतरून व्हिएन्नापर्यंत गेलात तर परतीचं विमान व्हिएन्नाहूनच घ्या. त्याच तिकिटात जाण्याचं आणि येण्याचं शहर वेगळं ठेवता येतं, भावात बरेचदा फार फरक पडत नाही. उलटं पॅरिसला परत यायला अख्खा दिवस आणि पाच जणांचं भाडं जातं.

व्हिसाचं आधी नक्की करा. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, ज्या देशात सर्वांत जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे प्रथम प्रवेश, तो देश. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, जूनच्या गर्दीसाठी फेब्रुवारीतच वेळ घ्या. जून २०२४ पासून शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षांपासून १२ वर्षांखालच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. म्हणजे मुक्काम ठरल्याशिवाय व्हिसा नाही. व्हिसा केंद्रातली वेळ जिथे मिळेल त्यावरून देश ठरवू नका.

आता रेल्वे. जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्या उशिरा धावणं हे रोजचं आहे. मी स्वतः मागच्या वर्षी दोनदा शेवटची जोडगाडी चुकवून रात्र स्टेशनजवळच्या हॉटेलात काढली. जर्मनीतून जाताना दिवसातली शेवटची गाडी कधीच पकडायला ठेवू नका. स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. पण मुक्कामी पोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं तर ते बंधन सुटतं आणि पुढच्या कुठल्याही गाडीत बसता येतं. तासाभराहून जास्त उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांवर गेला तर निम्मं भाडं परत मागता येतं. मागा, संकोच करू नका.

अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा युरेल पास सरसकट फायद्याचा नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये पास दाखवून बहुतेक गाड्यांत नुसतं चढता येतं. फ्रान्सच्या तेजेव्हे, युरोस्टार, इटलीच्या वेगवान गाड्या, स्पेनच्या आवे यांत पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे द्यावे लागतात आणि काही गाड्यांत पासधारकांच्या जागा मोजक्या असतात. तीन-चार ठरलेलेच प्रवास असतील तर दोन-तीन महिने आधी सुटी तिकिटं काढा. रोजचा बेत मोकळा ठेवायचा असेल तर पास.

नागपूरहून

मी आणि माझी बायको, दोघंही निवृत्त. २०१७ मध्ये एका टूरबरोबर चौदा दिवसांत नऊ देश केले. सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर, सातला बस. परत आल्यावर फोटो पाहिले तर कोणता चौक कोणत्या गावचा ते दोघांनाही सांगता येईना. मन फार उदास झालं होतं, कारण पैसा आयुष्यभराचा होता. २०२३ मध्ये पुन्हा गेलो, या वेळी फक्त साल्झबुर्ग आणि व्हिएन्ना, प्रत्येकी पाच रात्री. एक दिवस हालश्टाटला गेलो. तिथे स्टेशन तळ्याच्या एका काठाला आणि गाव दुसऱ्या काठाला, गाडी आली की बोट सुटते. बायको बोटीत अगदी पुढे बसली होती. ते गाव हळूहळू जवळ येताना पाहणं आमच्यासाठी त्या नऊ देशांपेक्षा मोठं होतं. तुमचे बाबा ७१ चे आहेत, त्यांना दुपारी झोप मिळेल असा बेत करा.

ठाण्याहून, गाडीने क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया

गाडीचा अनुभव सविस्तर लिहितो, कारण आम्ही त्यावर महिनाभर अभ्यास केला होता.

पहिली गोष्ट म्हणजे एका देशात गाडी घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर जे सोडण्याचं शुल्क लागतं ते कधी कधी गाडीच्या भाड्याहून जास्त असतं. आम्ही झाग्रेबला गाडी घेतली, स्लोव्हेनियात शिरलो, ब्लेड, सोचा नदीचं खोरं आणि पिरान करून परत क्रोएशियात उतरलो, प्लिटविसे आणि स्प्लिट करत दुब्रोव्निकला गाडी सोडली. घेतली आणि सोडली एकाच देशात, म्हणून ते शुल्क वाचलं. एकूण तेरा रात्री. सीमा ओलांडणार असल्याचं गाडी घेतानाच सांगून कागदावर लिहून घ्या, नाहीतर विमा लागू होत नाही.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आणि युरोमध्येही आहे. दुब्रोव्निकच्या वाटेवर नेउम इथे बोस्नियाची पट्टी समुद्रापर्यंत येते. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर त्या पट्टीतून जाणं म्हणजे शेंगेनबाहेर पडणं, परत आत येता येणार नाही. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाला, त्यावरून गेलं की बोस्निया लागतच नाही. नकाशाचं ॲप कधी कधी जुना रस्ता सुचवतं, तेव्हा चालवणाऱ्याशेजारी बसलेल्याने लक्ष ठेवा. बोस्नियातलं मोस्तार पाहायचं असेल तर अनेक प्रवेशांचाच व्हिसा हवा.

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, एक वर्ष चालतो. मूळ परवाना बरोबर लागतोच. अनामत रक्कम चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवतात, डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. ऑटोमॅटिक गाडी महाग मिळते पण तीच घ्या. उजव्या बाजूने चालवायचं, त्यात डाव्या हाताने स्टेअरिंग सांभाळून उजव्या हाताने गिअर, हे पहिल्या दिवशी डोक्यावर फार ताण आणतं. विमानातून उतरल्या उतरल्या गाडी घेऊ नका, एक रात्र झोपा. गोलचौकात आतल्या गाडीचा हक्क पहिला. पादचारी झेब्र्याजवळ आला की थांबायचंच.

स्लोव्हेनियाच्या महामार्गाला ई-विन्येट, म्हणजे टोलऐवजी ठरावीक मुदतीचा ऑनलाइन परवाना लागतो, आठवड्याचा मिळतो. ऑस्ट्रियात दहा दिवसांचा. स्वित्झर्लंडमध्ये मात्र एक दिवस जा किंवा सगळं वर्ष, ४० फ्रँकचा वार्षिकच घ्यावा लागतो. क्रोएशिया, इटली, फ्रान्समध्ये आपल्यासारखे टोलनाके.

गाडीचं खरं मोल कळलं ते व्रशिच घाटात. क्रान्यस्का गोरा ते सोचाच्या खोऱ्यापर्यंत पन्नास वळणं, प्रत्येक वळणाला क्रमांक, माथा १,६११ मीटर. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता बांधून घेतला. १९१६ च्या हिमस्खलनात त्यांतले कितीतरी गाडले गेले. त्यांच्या आठवणीचं लाकडी चॅपल वळणावर उभं आहे. तिथे आम्ही अर्धा तास थांबलो. कुणी हाकललं नाही, कुठली गाडी चुकली नाही. हिवाळ्यात हा रस्ता बर्फामुळे बंद असतो.

तुम्ही पाच जण आहात. साध्या गाडीत पाच माणसं मावतात, पाच बॅगा मावत नाहीत. सात आसनांची गाडी लागेल आणि लेकीसाठी बूस्टर सीट आधी सांगून ठेवावी लागेल. पॅरिस, व्हेनिससारख्या शहरांत गाडी म्हणजे निव्वळ पार्किंगचा खर्च.

कोल्हापूरहून, टस्कनी

वरच्या शेवटच्या वाक्याला माझा अनुभव जोडते. फ्लॉरेन्सला आम्ही हॉटेल शोधत जुन्या शहरात शिरलो. सात महिन्यांनी घरी इटलीतून पत्र आलं: मर्यादित वाहतुकीच्या भागात विनापरवाना प्रवेश, दोन वेळा, दोन दंड. गाडी देणाऱ्यांनी आमचा पत्ता कळवण्याचे पैसे कार्डावरून आधीच कापले होते. या भागाला झेडटीएल म्हणतात, पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ असतं, खाली वेळा लिहिलेल्या असतात आणि कॅमेरा असतो. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, सगळीकडे आहे. हॉटेल आतच असेल तर त्यांना गाडीचा क्रमांक आधी कळवा, ते नोंदवून देतात. आता आम्ही शहरं रेल्वेने करतो आणि गाडी फक्त खेड्यांसाठी, शहराबाहेरूनच घेतो. त्सेरमाटसारख्या गावात तर गाड्यांना बंदीच आहे, टेशला गाडी ठेवून बारा मिनिटं रेल्वेने जावं लागतं.

बंगळूरहून, मूळची सांगलीची, एकटी

बर्लिन ३, प्राग ३, व्हिएन्ना ३, बुडापेस्ट ४. सगळं रेल्वेने, एकाही प्रवासाला पाच तासांहून जास्त लागले नाहीत. व्हिएन्ना ते बुडापेस्ट तर पावणेतीन तासांच्या आत. ड्रेस्डेनहून प्रागकडे जाताना डाव्या बाजूला बसा, एल्बे नदी आणि तिच्यावरचे वाळूच्या दगडाचे कडे दिसतात. चार देश आणि तीन चलनं: युरो, कोरुना, फोरिंट. रस्त्यावरच्या पैसे बदलून देणाऱ्या दुकानांत जाऊ नका, बँकेच्या एटीएममधूनच काढा आणि यंत्राने रुपयांत हिशेब करू का विचारलं तर नको म्हणा.

मेट्रोचं कागदी तिकीट घेऊन भागत नाही, ते यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. प्रागला मी ते विसरले आणि तपासनिसाने दंड घेतला.

लंडनहून

एकच. "जाता जाता लंडन" असं कागदावर टाकू नका. ब्रिटनचा व्हिसा पूर्ण वेगळा. पॅरिसला जाणाऱ्या युरोस्टार गाडीच्या आधी लंडनच्या स्टेशनातच फ्रान्सची पासपोर्ट तपासणीही होते, म्हणून सव्वादोन तासांच्या प्रवासासाठी दीड-दोन तास आधी पोचा.

पुन्हा मी

सगळं दोनदा वाचलं, बाबांनाही वाचून दाखवलं. नागपूरच्या काकांचं ऐकून ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, रोम राहू दे.

नवा कागद असा: पॅरिस ५, विल्डर्सविल ६, व्हेनिस ४. दोनच मोठे बदल. पॅरिसच्या गार द ल्योंहून बाझेल, तिथून इंटरलाकेन. बाझेलला एक तास मध्ये ठेवतेय. स्वित्झर्लंडला रात्री जास्त, म्हणून अर्ज त्यांच्याकडे, पहिला प्रवेश फ्रान्समध्ये असला तरी. परत व्हेनिसहून. गाडी या वेळी नाही. ॲम्स्टरडॅम, रोम, व्हिएन्ना, प्राग खोडले तेव्हा मला वाईट वाटलं, पण लेकीने त्या सहा रात्रींपुढे "डोंगर" असं लिहून ठेवलंय.

आता प्रश्न उरलाय तो व्हेनिसचा. तिथल्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत आणि आईचे गुडघे. सांता लुचिया स्टेशनहून वापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या बोट-बसने, जाऊन थांब्यापासून एकही पूल न चढता पोचता येईल अशा बाजूला कुणी राहिलं असेल तर थांब्याचं नाव लिहा.